एम.ए.चा लघुप्रबंध : श्रीलिपी की युनिकोड?
साताऱ्यात मराठी लघुप्रबंध टाइपिंगला देताना हा प्रश्न हमखास पडतो. श्रीलिपी म्हणजे स्वतःच्या खास फॉन्टवर चालणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्यावर जुन्या टायपिस्टचा हात बसलेला असतो, काम झटपट होतं. पण तीच फाइल घरी उघडली की 'प्रकरण'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. मार्गदर्शकांनी एक वेलांटी सुधारली तरी पुन्हा दुकान गाठा! शिवाय वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर हा मजकूर मराठी म्हणून वाचतच नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांतली १० टक्के साम्याची मर्यादा मग मोजणार कशी?

युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत; त्यात दुरुस्ती मोबाइलवरही होते. छपाईला मात्र वर्ड फाइल नको, पीडीएफच न्या. फॉन्ट बदलला की ओळी सरकतात, अनुक्रमणिकेतले पानक्रमांक चुकतात.

मजकूर पक्का आणि फक्त छापील प्रती द्यायच्या असतील तर श्रीलिपी चालेल. सॉफ्ट कॉपी, तपासणी किंवा पुढे पीएच.डी. असेल तर युनिकोडच.