उपजिल्हा रुग्णालयातील आकडीची ओपीडी : दोन वर्षांचा अनुभव

माझ्या भाच्याला चौथ्या वर्षी आकडी येऊ लागली. गेली दोन वर्षे त्याचे औषध मराठवाड्यातील एका उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा भरणाऱ्या ओपीडीतून सुरू आहे. बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जातात; त्यामुळे केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंतची रांग बहुतेक वेळा मीच धरतो.

तपासणारे डॉक्टर गर्दी असूनही घाई करत नाहीत. हे बाहेरचे काही नसून मेंदूचा आजार आहे, फिट आल्यावर कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा कोंबू नये, मुलाला कुशीवर वळवावे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तडक दवाखाना गाठावा, हे त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या बहिणीला तिच्या भाषेत समजावले. शेवटच्या फिटनंतर साधारण दोन वर्षे औषध चालते आणि ते मध्येच एकाएकी तोडले तर लवकर न थांबणारी फिट येऊ शकते, हेही सांगितले. ‘औषधाचा खाडा नको’ हे त्यांचे पालुपदच आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र औषधाच्या खिडकीवरची एक गोष्ट. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये पाच मिलीला २०० मिलिग्रॅम औषध असते आणि घरातले चमचे एका मापाचे नसतात. तिथल्या बाईंनी बिनसुईची सिरिंज दिली आणि साडेचार मिलीच्या रेषेवर लाल नेलपॉलिश लावून दिले. बहिणीला आकडे वाचता येत नाहीत, पण लाल रेषेपर्यंत औषध ओढणे तिला एकदाच दाखवावे लागले.

आता तक्रारी. एकदा सिरप संपले म्हणून गोळ्या हातात ठेवल्या, पण या आवरणाच्या गोळ्या कुटायच्या नसतात, हे कोणी सांगितले नाही. आईने त्या वरवंट्याने बारीक करून गुळातून दिल्या, पोराला उलट्या झाल्या आणि दोन दिवस औषध पोटात टिकलेच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे फिट आली. एवढ्या कसोशीने सिरिंजवर रेषा काढणाऱ्या खिडकीकडून ही चूक व्हावी, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरी तक्रार नियमाची आहे. औषध एका महिन्याचेच मिळणार आणि मूल समोर हवे, असे पहिल्या वर्षी बजावले गेले. दिवाळीच्या सुमारास घर सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबाने दर महिन्याला फडावरून, म्हणजे तोडीच्या उसाच्या रानातून, इतक्या लांब यायचे कसे? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एक दिवस गेला की मुकादम त्याचा खाडा लावतो आणि तो आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतो. औषधाचा खाडा टाळायला कामाचा खाडा करायचा, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आईबाप नाइलाजाने बाटली पुरवून पुरवून वापरू लागतात. माझ्या बहिणीनेही तेच केले होते. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी एकदा तोडकऱ्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहून पाहावे.

गेल्या हंगामात बहीण-मेहुणे निघण्याच्या दीड महिना आधीच मी डॉक्टरांना हे सांगितले. त्यांनी तीन महिन्यांचे औषध एकदम लिहून दिले, पुढचे आजीने कार्ड दाखवून न्यावे असा शेरा मारला आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रासाठी औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी दिली. बाटल्या बाजरीच्या डब्यात रोवून ट्रॅक्टरमधून सुखरूप गेल्या. जानेवारीत आजीला खिडकीवरून आधी परत पाठवले, शेरा दाखवल्यावर औषध दिले. त्या संपूर्ण हंगामात एकही फिट आली नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत केसपेपर काढावा, रिकामी बाटली आणि सिरिंज सोबत न्यावी, आणि ऊसतोडीला जायचे असल्यास दसऱ्याआधीच्या ओपीडीत तीन महिन्यांचे औषध मागून तो शेरा कार्डावर लिहून घ्यावा. तोंडी सांगितलेले खिडकीवर चालत नाही.