विकर्सचा कापडी पट्टा रिकामा करताना: तरफ वापरावी की हात?

मशीनगनच्या जुन्या पट्ट्यातून काडतुसं काढताना जर्मन एमजी ३४ आणि ४२ च्या लोखंडी पट्ट्याचा फारसा प्रश्न येत नाही. काडतुसाच्या खाचेत अडकलेली पट्ट्याची जीभ उचलली की काडतूस पुढे सरकवून काढता येतं. अडतं ते ब्रिटिश विकर्स मशीनगनच्या २५० काडतुसांच्या सुती पट्ट्याशी. पितळेवर चढलेला कळंक वर्षानुवर्षं कापडात मुरतो आणि काडतूस कप्प्यात चिकटून बसतं.

इथे अमेरिकेत संग्राहकांकडे काडतुसं काढायच्या, टेबलावर बसवायच्या तरफा असतात. काम झटपट होतं, बोटं दुखत नाहीत. मीही काही पट्टे तसे रिकामे केले. पण माझ्याकडच्या तरफेची वाटी गोळीच्या टोकावर दाब देते, आणि माझं मन तिथेच फिरलं. काडतूस घट्ट बसलेलं असेल तर ते हलत नाही. गोळीच काडतुसाच्या मानेतून आत सरकते आणि कॉर्डाइटच्या, म्हणजे आतल्या दारूच्या, काड्यांवर दाबली जाते. असं काडतूस कोणी पुढे झाडलं, तर नळीतला दाब धोकादायक वाढू शकतो. हे तरफ चालवणाऱ्या हाताला कळतही नाही. काढलेली काडतुसं शेजारी उभी केल्यावर त्यांतली काही बुटकी दिसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

जुन्या पितळेची मान मुळात नाजूक असते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण असल्याचं १९२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून कळंक सोडवायला अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात लावू नये.

हाताने काढताना मी पट्टा सपाट ठेवतो, टोकं माणसांपासून दूर, वाळूच्या पिशवीकडे. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. कप्पा हलकेच वाकवून सैल करायचा, विकर्सच्या .३०३ काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली कडा चिमटीत धरून काडतूस किंचित पिळायचं. कळंकाची पकड सुटल्याचं बोटांना लगेच जाणवतं. मग मागे ओढायचं; बंदूकही ते कडेला धरून मागेच ओढते. पक्कड नको, ती घसरून बुडातल्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागावर, बसू शकते. वेळ लागतो, हे खरं.

अमेरिकन ब्राउनिंग मशीनगनच्या .३०-०६ काडतुसांच्या पट्ट्याला मात्र मी तरफेला नाही म्हणणार नाही. त्या काडतुसाला बाहेर आलेली कडा नसते, चिमटीत काही येत नाही. फक्त तरफ काडतुसाच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, दाब देणारी किंवा बुडाच्या खाचेत धरून ओढणारी हवी. विकर्ससाठी मी तरी हातच सुचवीन.

पिळूनही न हलणारं काडतूस पट्ट्यातच राहू द्यावं. गोळीच्या टोकाला रंग असेल किंवा बाजूला डाग देऊन बुजवलेलं भोक दिसलं, तर पट्ट्याला हातच लावू नका. पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी बनवलेल्या काही आगलाव्या गोळ्यांत फॉस्फरस असे. अशा वेळी स्थानिक पोलिसांच्या बॉम्बपथकाला बोलवावं.