साडेआठशेचा एनकोडर बोर्ड आणि गल्लीतले सहा टीव्ही

गेल्या गणपतीत आमच्या बेळगावातल्या गल्लीतल्या पोरांनी देखाव्यासाठी जुने डबा टीव्ही गोळा केले. शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, जिथं कुणाच्या माडीवर पडलेला दिसला तिथनं उचलला. सहा जमले. सगळ्यांवर एकच व्हिडिओ चालवायचा असं ठरलं आणि "काका, हे तुमचंच काम की हो" म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवले. पंचवीस वर्षं टीव्हीची रिपेरी केलेला माणूस, नाही कसं म्हणणार?

लॅपटॉपला एचडीएमआय, टीव्हीला पिवळी आरसीए पिन. मधे जोडायला ऑनलाईन एक उघडा बोर्ड मागवला, कुरिअरसकट साडेआठशे. नेहमीचे डबीबंद कन्व्हर्टर त्याहून स्वस्त मिळतात, पण त्यात रंगाला हात लावता येत नाही. यात एडीव्ही ७३९१ ही एनकोडर चिप आहे, म्हणजे डिजिटल चित्राचा टीव्ही सिग्नल बनवणारी, आणि आय-टू-सीच्या, म्हणजे बाहेरनं चिपची सेटिंग वाचायच्या-बदलायच्या, पिना बाहेर काढलेल्या आहेत. पैसे त्या पिनांचे.

आधीच सांगतो, चिप उत्तम आहे. बोर्डवाल्यानं तिच्यात भरलेली सेटिंग भिकार आहे.

पहिल्यांदा लावला तर चित्र काळंपांढरं, तेही वर पळतंय. बोर्ड एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेकडच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीवर, ठेवूनच पाठवलेला. आपल्याकडं १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण आलं ते पालमध्ये, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. कडेचा बारका स्विच पालकडं सरकवल्यावर रंग आला. आत काय बदललं ते आर्डुइनो नॅनो हा प्रोग्राम करायचा बारका बोर्ड लावून वाचलं. सबकॅरियरचे, म्हणजे रंग ज्या लहरीवर बसतो तिचे, चार बाइट बरोबर होते: दोन-ए, शून्य-नऊ, आठ-ए, सी-बी. २७ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर यातनं नेमका ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ निघतो. वा म्हटलं.

पण काळा रंग काळा दिसेना. चुलीतली राख दिसते तसा. कारण सापडायला अर्धा दिवस गेला: एनटीएससीत काळ्याची पातळी साडेसात टक्के उचललेली असते, तिला पेडेस्टल म्हणतात. पालमध्ये ती नसते. स्विचनं बाकी सगळं बदललं आणि पेडेस्टल तसंच चालू ठेवलं. तो एक बिट शून्य केला आणि चित्रातला धुरळा खाली बसला. विकणाऱ्यानं बहुतेक हा फिकेपणा झाकायलाच रंग भडक करून ठेवले होते. मंडपात लायटिंग करणारा गोकाकचा पोरगा लांबनं बघूनच म्हणाला, "काका, बण्ण भाळ आग्येद री." रंग फार झालाय, हे त्याला कळलं, बोर्ड बनवणाऱ्याला कळलं नाही.

मग बसलो रीतसर. टीव्हीचा कलर पार शून्यावर नेला आणि आधी काळंपांढरं चित्र जुळवलं. ब्राइटनेसचं मूल्य लिहिलं, ढिम्म फरक नाही. पुन्हा लिहिलं, तेच. शंभरावर पानांची डेटाशीट उघडली तेव्हा कळलं की ब्राइटनेस, ह्यू (रंगाची छटा), स्केल (सिग्नलचा जोर), प्रत्येकाला चालू करायचा बिट वेगळ्याच रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या सेटिंगच्या खणात, आहे. तो एक केल्याशिवाय लिहिलेला आकडा नुसता पडून राहतो. ही खूण आधी माहीत असती तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

ह्यूची गंमत वेगळीच. दोन्ही टोकांना साडेबावीस अंशांपर्यंत फिरवता येतो. एका टोकाला नेला, माझ्या २१ इंची सेटवर एकही रंग दुसरीकडं सरकला नाही, फक्त किंचित फिका पडला. पालचं हेच तर आहे, एका ओळीतली फेजची, म्हणजे रंगाच्या लहरीच्या वेळेची, चूक पुढच्या ओळीत उलटी येते, आणि आधीची ओळ धरून ठेवणारी डीले लाईन असलेला टीव्ही दोन्हींची सरासरी काढतो. एनटीएससीवाल्यांना टिंटचं बटण लागतं, आपल्याला नाही. ह्यू शून्यावर ठेवा आणि विसरा.

खरं काम सीबी आणि सीआरच्या, म्हणजे निळ्याच्या आणि लालच्या बाजूच्या रंगसिग्नलच्या, स्केलमध्ये. देखाव्यात भगवा झेंडा होता, तो टोमॅटोसारखा दिसत होता. आमच्या सीमाभागात भगव्याचा लाल झाला तर मंडळातच सभा भरते. म्हणून मी नाक्यावर फडकणाऱ्या लाल-पिवळ्या कन्नड झेंड्याचाही एक फोटो व्हिडिओत घातला, टेस्ट पॅटर्न म्हणून. पिवळा सीबीवर कळतो, लाल सीआरवर, आणि भगवा दोन्हींचं माप बरोबर असेल तरच. सीआर बराच खाली आणला, सीबी थोडासा. लालची कड जी शेजारी सांडत होती तीही थांबली. चिपमध्ये स्वतःच्या कलर बार आहेत, इनपुट नसतानाही येतात; त्या मात्र बोर्डवाल्याच्या हेराफेरीतनं सुटल्या आहेत असं समजू नका, स्केल बदललं की त्याही बदलतात.

दोन गोष्टी खटकल्या. चिपला स्मरणशक्ती नाही. करंट गेला की सगळं पुसलं, आणि परत आला की बोर्डावरचा कंट्रोलर तेच भडक आकडे पुन्हा भरतो. भाद्रपदातल्या पावसात करंट किती वेळा जातो ते बेळगावकरांना सांगायला नको. नॅनो कायमचा चिकटवला, चालू झाल्यावर पाच सेकंद थांबून माझे आकडे लिहितो. दुसरं, आउटपुट एकाच टीव्हीपुरतं आहे, ७५ ओहमच्या एका लोडला १ व्होल्ट. पोरांनी एकाचे दोन करणारी वाय पिन लावून दोन टीव्ही जोडले तर सिग्नल दोनतृतीयांशावर आला आणि मी पुन्हा ब्राइटनेस शोधत बसलो. शेवटी खडे बाजारातनं सीसीटीव्हीवाल्यांचा, एक सिग्नल अनेक टीव्हींना पूर्ण जोरानं वाटणारा, डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर आणला.

रजिस्टर लिहायची हौस असेल तर हा बोर्ड घ्या, पैसे वसूल आहेत. नुसता जुना टीव्ही चालवायचा असेल तर डबीबंद कन्व्हर्टर घ्या आणि टीव्हीचाच कलर कमी करा. विकणाऱ्याला पेडेस्टलबद्दल लिहिलं होतं, "ब्राइट पिक्चर ही आमची खासियत आहे" असं उत्तर आलं.

विसर्जनानंतर पाच टीव्ही ज्याचे त्याला परत गेले. सहावा माझ्या दुकानात आहे, कुणाचा ते पोरांना आठवेना.