क्लॅम क्विक-सेट एस्केप: सहा बाजूंचा जाळीचा मांडव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनमधल्या तळ्याकाठी चार कुटुंबांनी मिळून कॅम्पिंगची जागा घेतली असेल, तर पावभाजी कोण आणणार यापेक्षा मोठा प्रश्न ती बसून खायची कुठे हा असतो. पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढणारा 'कॅटेल' डास नेमका याच सुमारास ऐन भरात असतो. पाऊस पडून गेल्यावर झुंडीने निघणारे एडिस व्हेक्सन्स सोबतीला असतातच. अंगाला कितीही क्रीम फासा, ताटावर वाकलेल्या माणसाला दोन्ही हातांनी डास मारता येत नाहीत. यावरचा इलाज म्हणून विकल्या जाणाऱ्या जाळीच्या मांडवांपैकी क्लॅमचा क्विक-सेट एस्केप हा सर्वांत परिचित. किंमत साधारण तीनशे ते चारशे डॉलरच्या दरम्यान फिरते. गाडीने जाऊन गाडीशेजारीच मुक्काम करणाऱ्या सहा-सात जणांच्या गटाला तो नक्की घेण्यासारखा आहे. पाठीवर सामान वाहणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

क्लॅम ही मिनेसोटाची कंपनी. गोठलेल्या तळ्यावर बसून मासेमारी करणाऱ्यांसाठी झटपट उभे राहणारे तंबू हा तिचा मूळ धंदा, आणि एस्केपची रचना तिथूनच आली आहे. प्रत्येक भिंतीत फायबरग्लासच्या दांड्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात आणि मधोमध एका हबमध्ये, म्हणजे दांड्यांची टोकं धरणाऱ्या जोडात, अडकतात. हबला बाहेरून पट्टा असतो. तो ओढला की दांड्या कमानीसारख्या वाकतात, भिंत 'टक्' आवाज करून बाहेर फुगते आणि तशीच ताठ राहते. सहा भिंती आणि एक छत, म्हणजे सात हब. वेगळे खांब जोडायचे नाहीत, त्यामुळे 'तो निळ्या टोकाचा पाइप कुठे गेला' ही शोधाशोधही नाही.

मांडव मधोमध साडेसात फूट उंच आणि साधारण साडेअकरा फूट रुंद आहे. आतली जागा ९० चौरस फुटांच्या आसपास भरते. खोक्यावर आठ-दहा माणसांचा हिशेब असतो, तो नुसत्या खुर्च्या गोल मांडल्या तरच जमतो. स्टेट पार्कमधलं लाकडी पिकनिक टेबल आत घेतलं की सहा जण, फार तर सात. मांडवाला तळ नाही, हा इथे फायदाच आहे. तो शेजारी उभा करायचा, चौघांनी कोपरे धरून उचलायचा आणि टेबलावरून आणून ठेवायचा. टेबलाभोवती उभारायला गेलात तर भिंत बाहेर ओढताना दांडी बाकाला अडकते, आणि दांड्या मोडतात त्या अशाच.

उभारणीची जाहिरात ४५ सेकंदांची आहे. सराव असलेल्या दोघांना एक-दोन मिनिटं लागतात. मेखा आणि दोऱ्या धरल्या तर दहा. आधी जागा बघा. गवत उंच असेल तर काठीने झोडपून घ्या किंवा पायांनी तुडवा, कारण दिवसा डास गवताच्या सावलीत दडून बसतात आणि मांडव टाकला की तेही तुमच्याबरोबर आत कोंडले जातात. पिशवीतून काढून मांडव जमिनीवर पसरा आणि खालचे सहाही कोपरे पुरते मोकळे झालेत याची खात्री करा. वारा असेल तर वाऱ्याकडचा एक कोपरा आधी मेखेने बांधा. मग एकेक भिंत पट्ट्याने ओढत फिरा आणि शेवटी आत शिरून छताचा हब हाताने वर ढकला. कोपरा दुमडलेला असताना हब ओढला, तर सगळा ताण एकाच दांडीच्या मुळाशी येतो आणि ती हबजवळच तडकते. तडकलेल्या फायबरग्लासचे कुसळासारखे बारीक तुकडे हातात घुसतात आणि लवकर निघत नाहीत. बागकामाचे हातमोजे पिशवीतच ठेवलेले बरे.

दार एकच आहे, आणि त्याची चेन ही या मांडवाची सर्वांत नाजूक जागा. लहान मुलं दर पाच मिनिटांनी आत-बाहेर करतात, चेन अर्धीच लावतात, खालच्या टोकाला चार बोटांची फट राहते. डासांना तेवढी पुरते. वाळूत चेन अडकू लागते. तेव्हा जोर न लावता ती साध्या पाण्याने धुवावी, वाळल्यावर दातांवर मेणबत्ती घासावी. तेल घालू नये, त्याला वाळू आणखी चिकटते.

जाळी मात्र उत्तम आहे. मच्छरदाणीच्या कापडात एका चौरस इंचात किमान १५६ छिद्रं असावीत असा जुना दंडक आहे. त्यातून डास जात नाही, पण चिलट सहज आत येतं. एस्केपची जाळी त्याहून पुष्कळ बारीक, इकडे 'नो-सी-अम' म्हणतात त्या जातीची आहे. मे-जूनमध्ये उत्तर मिनेसोटात आणि मिशिगनच्या वरच्या भागात काळ्या माश्या डोक्याभोवती घोंघावतात, त्याही बाहेरच राहतात. या बारीक विणीची किंमत म्हणजे उकाडा. वारा अडतो, आणि दमट संध्याकाळी आत घामाघूम व्हायला होतं. बॅटरीवरचा पंखा हा त्यावर दुहेरी उपाय. डास उडायला फार कमकुवत. ताशी मैल-दीड मैलाच्या पुढे त्याची मजल जात नाही. पंखा टेबलाखाली पायांकडे वळवून ठेवला, तर चुकून आत आलेल्यांनाही घोट्यापर्यंत पोचता येत नाही.

आता झालरीकडे येऊ, कारण बहुतेक तक्रारी 'जाळीतून डास येतात' अशा असतात आणि डास खरं तर झालरीखालून आलेले असतात. भिंतींच्या खाली जमिनीवर लोळणारी कापडाची पट्टी आहे. सपाट हिरवळीवर ती नीट बसते. मुळं, खड्डे, उतार असला की दोन कोपऱ्यांच्या मध्ये ती अधांतरी राहते. तिथे वजन हवं: पाण्याचे गॅलन, कूलर, लाकडाचे ओंडके, वाळू भरलेल्या झिपलॉक पिशव्या, काहीही चालेल. झालर आत घ्यायची की बाहेर, हे रात्रीवर अवलंबून. पावसाची चिन्हं असतील तर बाहेर पसरा, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी बाहेरच पडतं. कोरडी रात्र असेल आणि सतरंजीवर मांडी घालून पत्ते कुटायचा बेत असेल तर झालर आत वळवा, तिच्या काठावर दहा बाय दहाची ताडपत्री येईल अशी अंथरा आणि उरलेल्या कडेला वजनं ठेवा. जमिनीलगतची फट बंद करायचा याहून चांगला उपाय नाही.

या ताडपत्रीचं दुसरंही काम आहे. तळ नसलेला मांडव गोचिडी थांबवू शकत नाही, आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिन हा गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा पट्टा आहे. हरणांवरची गोचीड उडत नाही; गवतातून पायावर चढते. बूट, मोजे आणि पँटच्या खालच्या भागावर ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा आदल्या दिवशी मारून कपडे पूर्ण वाळवावेत. तो साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतो. हे औषध कपड्यांसाठी आहे, कातडीवर लावायचं नाही. ओलं असताना मांजराला घातक, आणि माशांना तर फारच विषारी, म्हणून फवारलेलं काहीही तळ्यात धुऊ नये. अंगाला लावायचं ते डास-गोचीड दूर ठेवणारं डीट किंवा पिकारिडिन. डीट लावलेल्या हातांनी गॉगल, घड्याळाचा पट्टा हाताळू नका; ते प्लास्टिक विरघळवतं. सनस्क्रीन आधी, डीट नंतर.

मांडव सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी उभा असावा. अंधार पडता पडता उभारला तर डास आधीच आत असतात आणि मग जाळी त्यांना बाहेर जाऊ देत नाही. आत अडकलेले छताच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. तिथे आपली भारतातून आणलेली चार्जिंगची रॅकेट पाच मिनिटांत काम फत्ते करते. जांभळ्या उजेडाच्या टांगायच्या यंत्रांवर मात्र पैसे घालवू नका. डेलावेअर विद्यापीठाच्या १९९६ च्या अभ्यासात अशा यंत्रांनी मारलेले १३,७८९ कीटक मोजले गेले. त्यात चावणारे फक्त ३१ निघाले. डास माणसाच्या श्वासामागे येतो, दिव्यामागे नाही. दिव्यावर पतंग येतात. त्यासाठी पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावला तरी पुरे.

कॉइल किंवा थर्मासेल (औषध तापवून हवेत सोडणारं, डास पळवायचं छोटं यंत्र) आत लावायचा मोह होतो. दोन्ही बाहेरच. थर्मासेलला परिणाम दाखवायला पंधरा मिनिटं लागतात आणि वारा सुटला की त्याचा उपयोग जवळपास संपतो, म्हणून तो दाराबाहेर, वारा येतो त्या बाजूला ठेवावा. माणसं आत-बाहेर करतात तेवढ्यात घुसणारे डास त्याने कमी होतात. शेगडीही बाहेर. पावसाचे पडदे लावलेले असताना आत शेगडी पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. पडदे उघडे असले तरी तापलेल्या तेलाचे थेंब आणि शेकोटीच्या ठिणग्या जाळीला भोकं पाडतात. वडे बाहेर तळा, झाकलेल्या डब्यातून आत न्या. शेकोटीपासून मांडव वीसेक फूट दूर, वारा येतो त्या अंगाला.

पावसाची बाजू मध्यम आहे. छत सरीला तोंड देतं, पण भिंती जाळीच्याच असल्याने तिरका पाऊस सरळ आत येतो. त्यासाठीचे पडदे वेगळे विकत घ्यावे लागतात आणि दोन-तीन बाजूंना ते घ्यावेच. छताच्या हबभोवतीच्या शिवणीतून थेंब येऊ लागले तर शिवणीला सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचं द्रावण, लावा. वाऱ्याची बाजू याहून कच्ची. भिंतीच्या हबची दोरी बांधलेली नसेल तर जोराच्या झोताने ती भिंत आत उलटते, आणि एक उलटली की शेजारच्या दोन्ही सैल पडतात. म्हणून सहाही भिंतींच्या दोऱ्या बांधाव्यात, आळस करू नये. सोबत आलेल्या मेखा मऊ मातीत ठीक आहेत. पार्कमधल्या खडीच्या चौथऱ्यांवर त्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून दहा-बारा इंची जाड लोखंडी खिळे आणि मोठे वॉशर आणा, काम होतं. ट्रेकला निघायचं आहे आणि दुपारी वादळाचा अंदाज आहे, अशा वेळी मांडव उभा सोडून जाऊ नका. छताचा आणि भिंतींचे हब आत दाबून तो मेखांसकट जमिनीवर निजवा. परतल्यावर पुन्हा उभा करायला दोन मिनिटं.

आवरताना छत आधी खाली, मग एकेक भिंत आत. एखादी भिंत ताठ असतानाच गुंडाळायला घेतली तर पुन्हा तोच दांडी मोडण्याचा प्रकार. ओला बांधून घरी आणला तर गॅरेजमध्ये दोन दिवस उघडा ठेवा, नाहीतर बुरशीचा वास हंगामभर जात नाही. जाळी फाटली तर टेनेशस टेप या तंबू दुरुस्तीच्या चिकटपट्टीचे गोल तुकडे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर चिकटवा. चौकोनी कापले तर कोपरे सुटतात.

मोठी अडचण पिशवीची आहे. वजन तीस पौंडांच्या पुढे आणि लांबी जवळपास सहा फूट. मिनीव्हॅनमध्ये आडवी जाते. सिडॅनमध्ये मागची सीट पाडून पुढच्या दोन सीटच्या मधून घालावी लागते, म्हणजे मागचा एक प्रवासी कमी. अपार्टमेंटमध्ये ती कपाटात मावत नाही. खांब जोडायचे जुन्या पद्धतीचे स्क्रीन हाउस निम्म्या किमतीत मिळतात आणि पिशवीही आटोपशीर असते, पण उभारायला दोघांना वीस मिनिटं आणि पुष्कळ संयम लागतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांना ते पुरे. बाउंडरी वॉटर्ससारख्या, होडी डोक्यावर घेऊन चालायच्या ठिकाणी नीमो बगआउटसारखी झाडांना बांधायची जाळीची ताडपत्री न्यावी. झाडं नेमकी हवी तिथे असली तर ती झकास.

भारतात घरच्यांसाठी, पवना किंवा भंडारदऱ्याच्या काठावर वापरायला हा मांडव न्यावा का, असं बरेच जण विचारतात. विमानाच्या सामानात लांबी-रुंदी-उंचीची बेरीज साधारण ६२ इंचांपर्यंत चालते आणि या पिशवीची नुसती लांबीच त्याच्या पुढे जाते. जादा आकाराचं भाडं भरण्यापेक्षा तिथल्याच शिंप्याकडून बारीक जाळीचा पडदा शिवून घ्यावा: चारही बाजू जमिनीपर्यंत, खाली एक फूट जास्तीचं कापड, आणि दोरीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या आत टांगायला वर कड्या.