स्वस्त घर दुसऱ्या विक्रीनंतरही स्वस्त राहील का?

गोव्यात मोपाचा विमानतळ आला आणि पेडण्यात गावच्याच माणसाला घर परवडेनासं झालं. अशा वेळी काही कुटुंबं एकत्र येतात, एखादा भाटकार, म्हणजे जमीनमालक, थोडी जागा कमी भावात द्यायला तयार होतो, आणि प्रश्न पडतो: प्लॉट पाडायचे, सोसायटी करायची, की जमीन ट्रस्टकडे ठेवायची? बहुतेकजण पहिली किंमत बघून ठरवतात. माझं म्हणणं, दुसरी विक्री बघा.

प्लॉट पाडणं सगळ्यांत सोपं. घर बांधायला जमीन बदलून घेण्याची सनद मिळते, एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागतं, बँक सहज कर्ज देते. पण काही वर्षांनी एकाने बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकलं तर कोणी अडवू शकत नाही. भाटकाराने गावासाठी सोडलेला पैसा त्या एका विक्रेत्याकडे जातो आणि पुढच्या कुटुंबाला बाजारभावानेच घर घ्यावं लागतं.

सोसायटीत जमीन संस्थेच्या नावावर असू शकते, म्हणून भाव आटोक्यात राहील असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात फ्लॅट बाजारभावानेच हात बदलतो, संस्थेला फक्त हस्तांतरण शुल्क मिळतं. उपविधीत किमतीवर मर्यादा घालता येईल, पण ती काढायचं मतही त्याच सभासदांकडे. भाव दुप्पट झाल्यावर ते मर्यादा काढायच्या बाजूने मत देणार नाहीत, असं धरून चालू नये.

कम्युनिटी लँड ट्रस्टची रचना नेमकी याच ठिकाणी वेगळी आहे. जमीन कायम ट्रस्टची. कुटुंब घर विकत घेतं आणि खालच्या जमिनीचा भाडेपट्टा, अमेरिकेत बहुधा 99 वर्षांचा. विकताना ट्रस्टला पहिला हक्क, आणि किंमत करारातल्या सूत्राने. व्हरमाँटच्या बर्लिंग्टन शहरात 1984 मध्ये सुरू झालेल्या ट्रस्टच्या सूत्रात विकणाऱ्याला वाढलेल्या किमतीतला चौथा हिस्सा मिळतो. समजा 30 लाखांना घेतलेल्या घराचा बाजारभाव 40 लाखांनी वाढला. विकणाऱ्याला 30 आणि वर 10 मिळतील, शिवाय केलेल्या सुधारणांचा मोबदला. पुढचं कुटुंब साधारण 40 लाखांत आत येतं. कारभारी मंडळात एक तृतीयांश रहिवासी, एक तृतीयांश आजूबाजूचे लोक, उरलेले सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी, म्हणून रहिवाशांना एकट्याने नियम मोडता येत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. 1969 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी न्यू कम्युनिटीज हा असाच ट्रस्ट उभा करणाऱ्यांपुढे गागोद्याच्या विनोबांच्या ग्रामदानाचं, म्हणजे गावाची जमीन सामाईक करण्याचंही उदाहरण होतं. गोव्यात तर कोमुनिदाद ही जुनी गावसंस्था आहेच: जमीन सामाईक, प्लॉट आफोरामेंतावर म्हणजे कायमच्या पट्ट्यावर, त्याबद्दल वर्षाला फोर हा खंड. फरक दोन ठिकाणी आहे. कोमुनिदादीत मताचा अधिकार गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, वंशाला, त्या जमिनीवर राहणाऱ्याला नव्हे; आणि पट्ट्यावर बांधलेलं घर पुढे कितीला विकायचं, यावर ट्रस्टसारखं सूत्र नाही. मुंडकार कायद्याने 1975 मध्ये भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला संरक्षण दिलं, घर विकत घेण्याचा हक्कही दिला. तो न्याय मोलाचा आहे, पण तो त्या कुटुंबापुरता. त्यानंतर येणाऱ्याचं काय, हे त्यात येत नाही.

ट्रस्टची किंमतही मोजावी लागते, आणि ती लहान नाही. घर विकून मुलाच्या शिक्षणाचा किंवा धंद्याचा पैसा उभा करायचा असेल तर ट्रस्ट घेऊ नका, सरळ प्लॉट घ्या. त्यात काही गैर नाही. आपल्याकडे या रचनेसाठी वेगळा कायदा नाही. सेक्शन 8 कंपनी (नफा न वाटणारी कंपनी) किंवा ट्रस्ट, आणि त्याने दिलेला नोंदणीकृत दीर्घ भाडेपट्टा, असं जुळवावं लागतं. वर्षानुवर्षं कारभार बघणारी माणसंही लागतात. ती गावात नसतील तर सोसायटीच बरी.

पण गावची शाळा, देवळाचा उत्सव, पंचायत चालवणारी कुटुंबं पुढच्या पिढीतही इथेच राहावीत असं वाटत असेल, तर मी ट्रस्टच्या बाजूने आहे. फक्त जमीन देणाऱ्याने घाई करू नये. गोव्यात बहुतेक जोडप्यांची मालमत्ता समाईक असते, म्हणून नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्यात. आणि वारस असताना मालमत्तेचा अर्धाच भाग मर्जीने देऊन टाकता येतो. 2012 चा गोवा वारसा कायदा जाणणाऱ्या वकिलाला दानपत्राआधी गाठा. भाडेपट्ट्याचा मसुदा कुटुंबांना कर्ज देणाऱ्या बँकेलाही आधीच दाखवा. हप्ते थकले तर बँक घर विकण्याआधी ट्रस्टला ते सोडवून घेण्याची मुदत मिळेल, हे कलम त्यात असलंच पाहिजे.