इंजेक्शन की गोळी? अँकिलोसिंगवाल्यांसाठी, नागपूरच्या हिशोबानं

दोन-तीन जण विचारून राहिले म्हणून एकदाच लिहून टाकतो. अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांना सूज येऊन पाठ आखडायचा आजार आहे, पेनकिलर आणि व्यायामानं भागत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन घ्या नाहीतर टोफासिटिनिबची गोळी, विचार करून सांगा. मी आधी इंजेक्शनवर होतो, आता गोळीवर आहे, म्हणजे माझं पारडं कुठं झुकतं ते आत्ताच समजून घ्या. बी२७ (या आजाराशी जोडलेला जीन) काय, बायोलॉजिक (जिवंत पेशींत बनवलेलं औषध, हे इंजेक्शन त्यातलंच) काय, हे धंतोलीच्या दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये बसून बसून तुम्हाला पाठ झालंच असेल, ते सोडतो.

सूज वाढवायचा निरोप पेशींना देणाऱ्यांपैकी टीएनएफ नावाच्या एकाच निरोप्याला इंजेक्शन पेशीच्या बाहेर धरते. गोळी पेशीच्या आत जाऊन जॅक नावाची एन्झाइम्स अडवते, आणि त्यांच्यावर बऱ्याच निरोप्यांचं काम चालतं. म्हणजे एक पाहुणा गेटवर अडवायचा की घराची बेलच बंद करायची, असा प्रकार. बेल बंद केली की कामाचे पाहुणेही परत जातात, विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनचा निरोप त्याच वाटेनं येतो, म्हणून गोळीवाल्यांना नागीण जास्त होते. तिची लस भारतात २०२३ पासून मिळते, महाग आहे पण जिवंत विषाणूची नाही, गोळी सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

आराम दोन्हींनी पडला. सकाळी उठताना पाठ आखडायची ते दोन्हीकडं कमी झालं, कशानं जास्त ते मला तरी सांगता येणार नाही. खर्चाचं म्हणाल तर गोळी स्वस्त, जेनेरिक आल्यापासून तर खूपच.

इंजेक्शन म्हटलं की सगळे फ्रिजचं घेऊन बसतात. २ ते ८ डिग्री पाहिजे हे खरं, आणि मूळ औषधाच्या पत्रकात लिहिलंय की २५ डिग्रीपर्यंत १४ दिवस बाहेर चालते, आता मे महिन्यात नागपुरात २५ डिग्री कुठं सापडते ते लिहिणाऱ्यानं येऊन दाखवावं. पण मी आइसपॅकचा डबा घेऊन विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाला लग्नाला गेलेलो आहे, जमतं ते.

माझं गणित फिरलं ते तापामुळे. दोन्ही औषधं प्रतिकारशक्तीला आवरतात, म्हणून इन्फेक्शन झालं की डॉक्टर ती थांबवायला सांगू शकतात. इंजेक्शन पंधरा दिवसांतून एकदा, घेतलं की विसरून जा, ही त्याची मोठी सोय. पण एकदा आत गेलं की ते बाहेर काढता येत नाही ना. त्याचा हाफ-लाइफ साधारण दोन आठवडे, म्हणजे पुढच्या तारखेला मागचं निम्मं अंगातच असतं. आणि आपल्याकडं पोळ्याच्या सुमारास काय असतं, उन्हाळ्यातले कूलर तसेच खिडकीत, टाकीत पाणी, पाण्यात अळ्या, मनपाची माणसं घरोघरी कूलर तपासत फिरतात आणि तिकडं रस्त्यावर रोगराई हाकलायच्या मारबत मिरवणुकीत डेंगूला घेऊन जा गे मारबत म्हणून आरोळ्या. अशाच दिवसांत मी इंजेक्शनचा पेन टोचला आणि ताप भरला. डेंगू आहे की व्हायरल की आणखी काही, रिपोर्ट यायचे होते, डॉक्टरांनी पहिलं विचारलं शेवटचं इंजेक्शन कधी, मी म्हटलं परवाच, ते नुसते ‘हं’ म्हणाले. बंद करा म्हणायला बंद करण्यासारखं हातात काही नव्हतंच. निघालं साधं व्हायरल, निभावलं. पण त्यानंतर प्रत्येक तापाला कॅलेंडर काढून बसायचं, आणि तारीख आली की घरात कोणी शिंकत तर नाही ना, पुढं ढकलायचं का, यावर आईशी वाद, याचा मला मनस्वी कंटाळा आला. गोळीचा हाफ-लाइफ तीनेक तास. डॉक्टर थांबवा म्हणाले की थांबवली, एका दिवसात औषध रक्तातून जवळजवळ गेलेलं असतं. शरीरावरचा असर उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो हे मान्य, पण निदान लगाम आपल्या हातात राहतो.

शिवाय काहींच्या शरीरात इंजेक्शनविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात आणि गुण कमी होत जातो. प्रतिकारशक्तीला आवरायला दिलेलं औषध आणि तीच त्याच्यावर उठते, गंमतच आहे. गोळीत ही भानगड नाही.

आता गोळीची दुसरी बाजू, ही नीट वाचा. पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या रुमॅटॉइड संधिवाताच्या पेशंटवर मोठी ट्रायल झाली, तिच्यात टीएनएफवाल्या इंजेक्शनांपेक्षा टोफासिटिनिबवाल्यांना हार्ट अटॅकसारखे त्रास आणि कॅन्सर जास्त दिसले. त्यावरून अमेरिकेच्या एफडीएनं सप्टेंबर २०२१ मध्ये कडक इशारा दिला, आणि आधी इंजेक्शन, ते लागू पडलं नाही किंवा सोसलं नाही तरच गोळी, असा क्रम सांगितला. मी चाळिशीच्या आतला, सिगारेट कधी ओढली नाही, म्हणून माझ्या डॉक्टरांनी मान हलवली. तुमचं वय जास्त असेल, सिगारेट असेल किंवा पूर्वी होती, तर माझं ऐकू नका भाऊ. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांनीही डॉक्टरांपुढं लपवू नये.

डोळा लाल होऊन दुखत असेल, म्हणजे युव्हायटिस, तर इंजेक्शनच बरं, माझा एक मित्र त्याच कारणानं तिकडं आहे आणि खुश आहे. बाळाचा विचार करणाऱ्या बायकांनाही डॉक्टर बहुतेक गोळी देत नाहीत. आणि गोळीवर असताना गजकर्णासाठी मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनाझोल आणून खाऊ नका, तिनं रक्तातलं टोफासिटिनिब वाढतं.

एकानं विचारलं, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींच्या शोधाला नोबेल मिळालं ना, मग नवीन औषध येईपर्यंत थांबू का? जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी त्या पेशी दाखवल्या १९९५ मध्ये, नोबेल मिळालं २०२५ मध्ये, आणि त्या पेशींवर आधारलेले उपचार अजून ट्रायलमध्येच आहेत. तोवर मणके जुळून गेले तर ते सुटे होत नाहीत. थांबू नका.

टीबीची तपासणी मात्र दोन्हीकडं लागतेच, छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची टेस्ट, सोबत हेपटायटिस बी. ती आधी करून टाका, रिपोर्ट येईपर्यंत ठरवायला वेळ मिळतो.