आजोबांची मार्टिन घेण्याआधी आत डोकावून बघा

गेल्या आठवड्यात मालवणच्या एका मुलाचा फोन आला. त्याला कोणीतरी 1964 सालची मार्टिन डी-28, म्हणजे मार्टिन या अमेरिकन कंपनीची गिटार, विकतोय. आजोबा बोटीवर होते, त्यांनी न्यूयॉर्कहून आणली म्हणे. ऐकून पोटात गोळाच आला. हीच गोष्ट दोन वर्षांपूर्वी मी वेंगुर्ल्यात ऐकली आणि 1 लाख 20 हजार रुपये मोजून आलो.

माणूस बोलायला गोड होता. आपल्याकडे बोटीवर गेलेलं कोणी ना कोणी प्रत्येक वाडीत असतं, त्यामुळे आजोबांबद्दल शंका घ्यायचं मनातही आलं नाही. डी-28 ची पाठ 1969 पर्यंत ब्राझिलियन रोजवूडची असायची आणि त्या लाकडामुळेच तिची किंमत काही लाखांत जाते, एवढं मला ठाऊक होतं. मार्टिनचा नंबर आत, नेक ब्लॉकवर, म्हणजे मान जोडलेल्या लाकडी ठोकळ्यावर, ठोकलेला असतो. टॉर्च मारून वाचला, 195 हजारांतला. 1964 चे नंबर 199626 ला संपतात. जुळलं! मी तिथेच थांबलो. अहो, नंबरांची यादी सगळ्यांनाच बघता येते, नकली करणाऱ्यालाही.

पहिल्याच पावसाळ्यात ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, फळीवरून सुटून वर आला. सावंतवाडीला एका जुन्या सुताराकडे गिटार नेली. त्यांनी पाठीवरच्या एका काळ्या रेघेवर बोट ठेवलं, आत आरसा धरला आणि त्याच जागी बघायला सांगितलं. आत रेघच नव्हती. "भाऊ, ह्यां प्लायवूड आसा," एवढंच म्हणाले. अखंड लाकडाची रेघ बाहेर दिसते तशीच आतही उमटते.

मग मी नीट बघायला लागलो. साउंडहोलमध्ये, म्हणजे तारांखालच्या गोल भोकात, आरसा धरला की मानेच्या टोकाशी अ‍ॅलन की घालायचं षटकोनी भोक दिसत होतं. पिळून मान सरळ करता येणारा ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची सळई, मार्टिनने 1985 मध्ये आणला, मग 1964 च्या गिटारला तो कुठून येणार? पुढची फळी मधासारखी पिवळी, पण पिकगार्डची, म्हणजे ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेल्या पातळ पट्टीची, कड सुटली होती तिथे खालीही तेवढीच पिवळी. उजेडाने पिवळं पडलेलं लाकूड झाकल्या जागी फिकट राहतं. आणि साठ वर्षं खाऱ्या हवेत राहिलेल्या गिटारच्या तारा पिळायच्या चाव्यांवर गंजाचा ठिपका नाही, हे मला घेतानाच खटकायला हवं होतं.

पैसे रोख दिले होते, पावती नव्हती. पोलिसांसमोर तो सरळ म्हणाला, "मी जुनी गिटार म्हणून विकली, मार्टिन असं कुठे लिहून दिलंय?" चार वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते.

मालवणच्या मुलाला म्हटलं, पैसे घरी ठेव, छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन जा आणि आतले फोटो काढून मला पाठव. रात्री फोटो आले. षटकोनी भोक स्पष्ट दिसत होतं. नंबरही वाचला. आकडे सगळेच्या सगळे माझ्या गिटारवरचे.